भाड्याचा जिरेटोप

बृहन्महाराष्ट्रातील आमच्या मंडळांच्या कार्यक्रमपत्रिकेत, गणेशोत्सव असो वा शिवजयंती असो, वेशभूषा स्पर्धा ही बाब सहसा चुकत नाही. तिचा प्रकारही सर्वत्र एकच. कोणी बाल शिवाजी होतो, कोणी झाशीची राणी, कोणी टिळक, कोणी वासुदेव. दुकानातून दिवसाच्या बोलीवर आणलेला पोषाख अंगावर चढतो, मागून टाचण्या लावून तो आवळला जातो, आईने पाठ करून घेतलेली चार वाक्ये ध्वनिक्षेपकासमोर म्हटली जातात आणि परीक्षक 'फारच गोड' असा अभिप्राय देऊन मोकळे होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी जिरेटोप दुकानी परत जातो. या सर्व व्यवहारात कोणी काय केले, असा प्रश्न एखाद्याने विचारला तर त्यास उत्तर मिळणे कठीण आहे. पैसे दिले गेले, एवढे मात्र निश्चित. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपले वाडवडील म्हणत असत. आमच्या मंडळांनी ही म्हण उलटी करून दाखविली आहे. येथे पैशाखेरीज दुसरे कसलेच सोंग आणले जात नाही.

हे सारे आम्ही आजवर निमूटपणे पाहत आलो, कारण लहान मुलांच्या कौतुकात विरजण घालण्याची कोणासच इच्छा नसते. परंतु गेल्या वर्षी चेन्नईतील एका मराठी संस्थेने प्रौढांच्या वेशभूषा स्पर्धेसाठी आलेले एक प्रवेशपत्र परत पाठविले, आणि आता गप्प राहणे आम्हांस योग्य वाटत नाही. प्रवेशपत्र पाठविणारी व्यक्ती म्हणजे आमच्याच कचेरीतील एक सहकारी. एका जपानी चित्रकथेतील स्त्री-योद्ध्याचे चिलखत तिने फोम आणि कापड यांपासून, पाच महिन्यांचे सारे रविवार खर्चून, स्वतःच्या हातांनी तयार केले होते. 'परकीय चित्रकथांतील पात्रे व तत्सम पोरखेळ आपल्या परंपरेत बसत नाहीत,' असे तिला कळविण्यात आले. त्याच संध्याकाळी पहिले पारितोषिक एका सद्गृहस्थांच्या शिवाजीस मिळाले. त्यांच्या जिरेटोपाच्या आतल्या बाजूस दुकानाची चिठ्ठी तशीच शिवलेली होती. तेव्हा परंपरा म्हणजे काय आणि पोरखेळ म्हणजे काय, याचा एकदा विचार व्हावयास हवा. सहकारिणीची बाजू घेतो म्हणून आम्हांस पक्षपाती म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे.

प्रथम ज्यास 'कॉस्प्ले' म्हणतात तो प्रकार काय आहे, हे सांगणे जरूर आहे. कारण ज्यांनी त्यावर निकाल दिला त्यांनी तो पाहिला असल्याचे दिसत नाही. कथेतील, चित्रपटातील वा चित्रमालिकेतील एखाद्या पात्राचा वेष जसाच्या तसा तयार करून तो अंगावर घालणे, त्या पात्राच्या ढबीत उभे राहणे, आणि तो वेष कसा केला हे विचारणाऱ्यास सांगणे, असे त्याचे स्वरूप आहे. 1939 साली न्यूयॉर्क येथे विज्ञानकथांच्या वाचकांचे पहिले जागतिक संमेलन भरले. तेथे फॉरेस्ट अॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे भविष्यकाळातील पोषाख घालून आले. ते पोषाख बेतले आणि शिवले मर्टल डग्लस या बाईंनी. पुढे कित्येक वर्षे नाव मात्र अॅकरमन यांचेच होत राहिले. शिवणाऱ्या हाताचे नाव मागे पडावे, ही गोष्ट काही आपल्याच मंडळांत घडते असे नव्हे. 'कॉस्प्ले' हा जोडशब्द 1980 नंतरच्या दशकात जपानात घडला. जपानातील नागोया शहरी 2003 पासून या कलेचे जागतिक संमेलन भरते आणि तेथील स्पर्धेत वेष स्पर्धकांनी स्वतः तयार केलेला असावा लागतो. आपल्या देशात दिल्लीस 2011 साली पहिले 'कॉमिक कॉन' भरले. चेन्नईत ते 2024 च्या फेब्रुवारीत नंदंबाक्कमच्या ट्रेड सेंटरमध्ये आले. तेथे जे तरुण-तरुणी जमले त्यांत तमिळ होते, तेलुगू होते, मल्याळी होते आणि आमच्या काही मराठी घरांतील मुलेही होती. मंडळाच्या सभांना तरुण येत नाहीत म्हणून हळहळणाऱ्या कार्यकर्त्यांनी ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता त्या 'पोरखेळा'त किती श्रम असतात ते पाहू. हे चिलखत ज्या फोमचे करतात तो इथिलीन व्हिनाइल अॅसिटेट या पदार्थाचा, म्हणजे ई. व्ही. ए. फोम. व्यायामशाळेत जमिनीवर टाकतात त्या, एकमेकींत दात अडकवून जोडावयाच्या जाड चटया आणि पायांतील हलक्या चपलांचे तळ याच जातीचे असतात. छातीसाठी दहा मिलिमीटर जाडीचा, हातांसाठी पाच मिलिमीटरचा, नक्षीसाठी दोन मिलिमीटरचा, असा तो वेगवेगळा लागतो. आरंभ मापापासून होतो, आणि येथेच अर्धे लोक गळतात. जुना बनियन घालून त्यावर स्वयंपाकघरातील पातळ प्लॅस्टिक गुंडाळावयाचे, त्यावर सर्वत्र कागदी चिकटपट्टी लावावयाची, मग चिलखताच्या रेघा अंगावरच पेनने आखावयाच्या आणि तो सारा सापळा कात्रीने कापून काढावयाचा. काढलेला सापळा जमिनीवर सपाट बसत नाही. मनुष्याचे अंग गोल आहे आणि चटई सपाट आहे. ज्या ठिकाणी तो फुगतो तेथे चीर द्यावी लागते आणि प्रत्येक चीर म्हणजे पुढे एक सांधा. शिंपी चोळीला टक्स घेतो ते याच कारणासाठी. आमच्या आयांना आणि आज्यांना हे गणित तोंडपाठ होते.

फोम कापावयाचा तो नव्या पात्याने. पाते किंचित बोथट झाले की कड फाटते, आणि फाटलेली कड रंगाखालीही लपत नाही. दोन तुकडे कोनात जोडावयाचे असतील तर कड तिरपी कापावी लागते. मग दोन्ही कडांस रबरी सरस लावावयाचा. हा सरस ओला असताना जोडला तर धरत नाही. बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबावे लागते. एकदा कडा टेकल्या की मागे फिरणे नाही, हालवून सरळ करू म्हणावे तर ते जमत नाही. या सरसाचा वास डोक्यात जातो, म्हणून खिडक्या उघड्या आणि तोंडावर योग्य जाळीचा मुखवटा ही पथ्ये पाळावीच लागतात. त्यानंतर हीट गनचा गरम झोत. झोताखाली फोमचा पृष्ठभाग एकाएकी किंचित चकाकू लागतो. याचा अर्थ वरची छिद्रे मिटली. त्या क्षणी तो हातमोजे घालून हवा तसा वाकवावा आणि निवेपर्यंत धरून ठेवावा. आमच्या सहकारिणीने खांद्यांच्या वाट्यांना गोलाई आणली ती पितळी पातेल्याच्या बुडावर दाबून, आणि ते पातेले पुन्हा सांबारासाठी वापरावयाचे की नाही यावरून घरात दोन दिवस वाद चालला. रंग थेट चढवला तर फोम तो शोषून घेतो. म्हणून पातळ केलेल्या पांढऱ्या फेव्हिकॉलचे तीनचार हात आधी द्यावे लागतात. नंतर आधी काळा रंग, आणि तो वाळल्यावर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने रुपेरी. कडांवर रुपेरी बसते, खाचांत काळे राहते, आणि दहा हातांवरून पाहणाऱ्यास ते लोखंड भासते.

चेन्नईत सामानाची तूट नाही. कापडासाठी गोडाऊन स्ट्रीट आहे, डोळ्यांत बसवावयाच्या बारीक दिव्यांसाठी रिची स्ट्रीट आहे. तूट आहे ती हवेची. फोम उष्णता आत कोंडतो, आणि या शहरात फेब्रुवारी सोडला तर दुसरा महिना या छंदास अनुकूल म्हणता येत नाही. म्हणून आतला सुती सदरा हा खरा महत्त्वाचा. आमच्या सहकारिणीच्या वेषात फोम जितका होता तितकेच कापड होते. बगलेत, कोपराच्या आतल्या बाजूस आणि कमरेखाली तिने गडद मांजरपाट वापरला, कारण त्या जागा वाकल्या पाहिजेत. पहिल्या वेळी तिने छातीचा भाग बेंबीखाली उतरवला होता. तो घालून बसताच कड हनुवटीशी आली. तेव्हा तिने तो कमरेपाशी तोडला.

येथे आम्हांस थोडे विषयांतर करण्याची परवानगी असावी; वास्तविक ते विषयांतर नव्हे. जुन्या काळच्या चिलखत करणाऱ्यांनाही हीच अडचण होती आणि त्यांनी तिचे उत्तर हेच काढले. आपल्याकडे कड्यांच्या चिलखतावर चार-आईना बांधीत असत. छातीस एक, पाठीस एक आणि दोन कुशींस दोन, असे चार पत्रे. कुशींचे पत्रे वरून अर्धचंद्रासारखे कापलेले असत, ते हात हलावेत म्हणून. जेथे पत्रा नको तेथे कड्यांची जाळी, म्हणजे आमच्या सहकारिणीच्या मांजरपाटाची जागा. हे तिला कोणी शिकविले नव्हते. तिने ते कापता कापता शोधले आणि मग एका शनिवारी एग्मोरच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात जाऊन ताडून पाहिले.

या संग्रहालयात तंजावरच्या राजवाड्यातील शस्त्रे आहेत, याची येथल्या किती मराठी माणसांना माहिती आहे? व्यंकोजीराजांच्या वंशाचे ते राज्य 1855 साली इंग्रजांनी खालसा केले. त्यानंतरच्या दशकात तेथील शस्त्रागाराचा मोठा साठा मोडीच्या लोखंडाच्या भावाने गेला. जे निवडून ठेवले त्यातील काही भाग एग्मोरला उरला. याच तंजावरात शहाजीराजांनी (1684 ते 1712) मराठी नाटके रचली. विष्णुदास भाव्यांनी सांगलीस 1843 साली केलेला प्रयोग त्यानंतर सव्वाशे वर्षांहून अधिक काळाने झाला. परंपरेचा कैवार घेणाऱ्या आमच्या संस्थेने या शस्त्रांच्या दर्शनासाठी एकदाही सभासदांची सहल नेल्याचे आम्हांस ठाऊक नाही. जी मुलगी पोरखेळ करते म्हणून परत पाठविली गेली, ती मात्र वही घेऊन तेथे तीन तास उभी होती.

आमच्या प्रतिपक्षाचा एक आक्षेप असा की, फोमचे चिलखत हे मुळात खोटेच; त्यात ना धातू, ना संरक्षण. याचे उत्तर देण्यास आम्हांस विशेष आनंद वाटतो. चिलखत म्हणजे लोखंडच, ही समजूत चित्रपटांनी करून दिली आहे. प्राचीन ग्रीक सैनिक तागाच्या कापडाचे अनेक थर एकावर एक घेऊन उरस्त्राणे करीत. पॅसिफिक महासागरातील किरिबाटीचे लोक नारळाच्या काथ्याची चिलखते विणीत, कारण त्यांच्या शत्रूंच्या शस्त्रांना शार्क माशाचे दात बसविलेले असत आणि काथ्या त्यांना पुरेसा होता. आपल्या दख्खनेतही रुई भरून दाट टाचलेले डगले युद्धात वापरीत. श्रीरंगपट्टणम् 1799 साली पडल्यावर टिपू सुलतानाच्या म्हणून ज्या वस्तू विलायतेस गेल्या त्यांत रुई भरलेली कापडी शिरस्त्राणे आहेत. तेव्हा कापडाचे चिलखत ही काही थट्टेची वस्तू नव्हे. आणि नाटकात तर चिलखताने तलवार अडवावयाची नसतेच. ज्या तमिळ भूमीत आपण राहतो तिच्या कट्टैक्कूत्तु या लोकनाट्याचे नावच मुळी नटांच्या अंगावरील लाकडी अलंकारांवरून पडले आहे. हलक्या लाकडाचे मुकुट, खांद्यांवरचे पंख, छातीवरचे पट्टे, त्यांवर आरशांचे तुकडे. रात्रभर नाचणारा दुर्योधन ते पेलतो, कारण ते लोखंड नाही. कोकणात दशावतारी नट आपली रंगभूषा आपल्याच हाताने करतात. जव्हारकडील बोहाड्यात देवदानवांचे मुखवटे कागदाच्या लगद्याचे आणि लाकडाचे असतात. यांपैकी कोणासही आजवर कोणी खोटे म्हटलेले नाही. मग तेच काम चटईच्या तुकड्याने केले तर ते खोटे कसे होते?

खोटेपणाचाच प्रश्न असेल तर पारितोषिक मिळविणाऱ्या त्या शिवाजीकडे पाहू. 1659 च्या नोव्हेंबरात प्रतापगडाखाली महाराज अफझलखानास भेटले तेव्हा त्यांनी चिलखत अंगरख्याखाली घातले होते आणि डोक्यास लोखंडी टोप पागोट्याखाली. ते दिसू नये, हाच त्यातला सारा डाव. स्पर्धेतील शिवाजीच्या अंगावर मात्र रुपेरी रेक्झीनचे चिलखत मखमली अंगरख्याच्या वर बांधलेले होते, आणि त्यावर चमकीचे कमळ. परीक्षकांपैकी कोणासही ते खटकले नाही. जो मनुष्य एक शिरस्त्राण स्वतः करावयास बसतो त्यास ही चूक करता येत नाही. काय कोठे आणि का, हे त्यास आधी शोधावे लागते. दुकानातून आणणारास काहीच शोधावे लागत नाही.

परकीयत्वाचा आक्षेप आम्ही लवकर आटोपतो. जपानी चित्रकथा परकीय खरीच. पण शेक्सपियरची रूपांतरे आमच्या रंगभूमीने डोक्यावर घेतली, बाजाची पेटी युरोपातून आली, आणि खुद्द वेशभूषा स्पर्धा तरी कोणत्या स्मृतीत सांगितली आहे? पात्र कोठून आले यापेक्षा ते ज्याच्या अंगावर आले त्याने त्यासाठी काय केले, हे पाहिले जावे. शिवाय आमच्या सहकारिणीस एका कार्यकर्त्यांनी जो उपदेश केला, 'करावयाचेच तर जिजाबाई करा,' त्यामागे जिजाबाईंविषयी आदर होता असे आम्हांस वाटत नाही. जिजाबाईंचा पोषाख दुकानात तयार मिळतो, एवढाच त्याचा अर्थ होता.

फोम हा प्लॅस्टिकच्याच जातीचा, तो कुजत नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो टाळणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते. महाराष्ट्रात 2018 मध्ये थर्मोकोलवर बंदी आली तेव्हा गणपतीच्या मखरांचे जे झाले तेच उद्या या छंदाचे होऊ शकेल, आणि झाले तर करणारे पुठ्ठा, वेत, काथ्या यांकडे वळतील. जुन्या चटया विकत घेऊन वापरणारे आजही आहेत. पण हा आक्षेप ज्यांनी केला त्यांच्या व्यासपीठावरील पाठपडदा त्या दिवशी कशाचा होता, हे आम्ही पाहिले आहे.

या प्रकरणाचे मूळ आम्हांस वेगळ्याच ठिकाणी दिसते. परप्रांतात आलेला आमचा वर्ग बहुशः नोकरदार. आम्हीही त्यातलेच, केंद्र सरकारच्या कचेरीत कारकुनी करतो आणि दिवसभर दुसऱ्यांच्या टिपणांवर टिपण लिहितो. या वर्गाला हातांनी केलेल्या कामाची एक खोल लाज आहे. मुलाने संगणकावर काम केले तर अभिमान, त्याच मुलाने तिशीत कात्री हातात घेतली तर 'अजून खेळतोस का?' आमच्या सहकारिणीस कचेरीत जे ऐकावे लागले ते थोड्याफार फरकाने हेच. 'लग्नाचे वय, हुद्द्याची परीक्षा, आणि ही काय चटया कापीत बसते,' असे एक गृहस्थ आमच्यादेखत म्हणाले. ते गृहस्थ स्वतः रविवारी दुपारी तीन तास झोपतात. त्यास मात्र कोणी पोरखेळ म्हणत नाही.

आणि हाच वर्ग दादासाहेब फाळक्यांचे नाव अभिमानाने घेतो! 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट 1913 साली पडद्यावर आला तो कोणाच्या हातांनी? छायाचित्रण, मुद्रण, जादूचे प्रयोग असे नाना हुन्नर शिकलेल्या एका माणसाने तो घरात उभा केला. सरस्वतीबाईंनी कच्च्या फितीस छिद्रे पाडली आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. कोल्हापुरास बाबूराव पेंटरांनी चित्रपट काढावयाचे ठरविले तेव्हा कॅमेराही घरीच तयार केला. त्या काळच्या शहाण्यांनी या लोकांस काय म्हटले असेल, याची कल्पना आम्हांस गेल्या वर्षीच्या त्या पत्रावरून येते.

आमची मागणी फार मोठी नाही. वेशभूषा स्पर्धेत प्रत्येक स्पर्धकास, लहान असो वा मोठा, एक प्रश्न व्यासपीठावर विचारला जावा: हे कोणी केले? आईने शिवले असेल तर आईचे नाव ध्वनिक्षेपकावरून सांगावे. आजोबांनी पुठ्ठ्याची ढाल केली असेल तर आजोबांस वर बोलवावे. भाड्याने आणलेल्या वेषांसाठी हवी तर वेगळी रांग ठेवावी, तिला बक्षीसही द्यावे, त्याबद्दल आमचे भांडण नाही. परंतु करणाऱ्याचे गुण आणि नेसणाऱ्याचे गुण एका पारड्यात टाकू नयेत. पात्र शिवकालातले आहे, महाभारतातले आहे की जपानातले आहे, यावर गुण कापू नयेत. परीक्षकांत निदान एक तरी मनुष्य असा असावा ज्याने आयुष्यात कधी सुई धरली आहे. शहरात मराठी शिंपीकाम जाणणाऱ्या बायका आहेत, त्यांना बोलावले तर त्या येतील.

हे सारे आम्ही त्या संस्थेस जूनमध्ये लेखी कळविले. पोच मिळाली आहे, उत्तर नाही. कार्यकारिणीची सभा गणेशोत्सवापूर्वी होईल असे ऐकतो. दरम्यान आमच्या वसाहतीतील गच्चीवर, उघड्या हवेत, रविवारी सकाळी सात ते दहा आमची सहकारी कोणासही फोम कापावयास आणि जोडावयास शिकवते. आतापर्यंत सहा मुले व दोन आया येऊन गेल्या. एका मुलाला मावळ्याची ढाल करावयाची आहे, दुसऱ्यास असा एक राक्षस, ज्याचे नाव आम्हांस अद्याप नीट उच्चारता येत नाही. येताना एक जुना बनियन आणि आठवड्याची रद्दी आणावी. पाती आम्ही पुरवितो.